भागाबाई डॉट कॉम

पडद्यावर अक्का वरून खाली उतरू लागली. आधी नुसतं कपाळ आलं, त्यावरचं रुपयाएवढं कुंकू आलं, आणि लाइन अडकली. दोन मिनिटं काहीच नाही. इंटरनेटचं दुकान चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाऊ, कशाला हात लावू नका, येईल. फोटो जड आहे." रुपचंद कशाला हात लावतोय! त्याचे हात मांडीवर होते ते तिथंच राहिले. मग डोळे आले, नथ आली, गळ्यातली पोत आली, आणि सगळ्यात शेवटी मांडीवरचं मूल आलं, दोनेक वर्षांचं, काजळाची तीट लावलेलं, फोटोवाल्याला भ्यालेलं. खाली तीन ओळी होत्या. 'भागाबाई. ही माझी आई. हयात आहे, जळगावला असते.' आणि त्याखाली बारीक अक्षरात नाव, तोताराम, धुळे. बाईंनी मागून डोकावून विचारलं, "तुमच्या कंपनीचंच का हो हे? छान ठेवलंय साधं." रुपचंद म्हणाला, "हो, आमचंच," आणि अर्ध्या तासाचे पैसे देऊन नवी पेठेच्या उन्हात बाहेर आला. डिसेंबरचं ऊन ते, अंगाला लागू नये, पण त्याच्या पाठीला दरदरून घाम फुटला होता.

तो गेला होता ते निराळ्याच कामाला. 'भागाबाई बिबड्या', 'भागाबाई काळा मसाला', 'भागाबाई कुरडया' अशी सगळी भागाबाईंची फौज घेऊन हा माणूस मुंबईच्या एका प्रदर्शनात बसला होता, तिथं दुबईच्या व्यापाऱ्यानं बिबडीचा, म्हणजे ज्वारीच्या पापडाचा, तुकडा मोडत विचारलं होतं, तुमचं इंटरनेटवर नाव काय. रुपचंदनं बिनदिक्कत सांगितलं, भागाबाई डॉट कॉम. परत आल्यावर नव्या पुड्यांवर छापूनही टाकलं, चाळीस हजार पुडे, तिन्ही रंगांत. नाव घ्यायचं मात्र राहिलं. घेऊ की सावकाश, आपलंच तर नाव आहे, दुसऱ्या कुणाला त्याचं काय करायचंय? जमिनीचा तुकडा घेताना सात पिढ्यांचा उतारा काढणारा माणूस, पण हवेतल्या जागेला उतारा असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आता हवेतल्या त्या जागेत अक्का येऊन बसली होती, मांडीवर पोर घेऊन, आणि दुबईवाला कोणत्याही दिवशी ते पान उघडून बघणार होता. पण घाम काही दुबईवाल्यासाठी फुटला नव्हता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. पोराच्या डोळ्यांसाठी फुटला होता. ते डोळे त्यानं एकदा बघितले होते, समोरासमोर, ओट्यावर.

अभिमन वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते चक्क खूश झाले. कापसाच्या व्यापाऱ्यांचे तेच ते दावे चालवून कंटाळलेला माणूस, त्याला नवीन खेळणं मिळालं. "भाऊ, तुम्ही नशीबवान. याच महिन्यापासून नवी सोय झालीय. जिनिव्हाला कचेरी आहे, तिथं कागद पाठवायचे. हजर व्हायचं नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही. समोरच्याला वीस दिवस उत्तराला, मग एक पंच बसून कागद वाचतो आणि निकाल देतो. दोन महिन्यांत नाव तुमच्याकडे." फक्त तीन गोष्टी दाखवायच्या, वकिलांनी बोटं धरली. एक, हे नाव आपल्या ट्रेडमार्काचंच आहे. ते सोपं, अठ्ठ्याहत्तर सालचं रजिस्ट्रेशन आहे. दोन, त्या माणसाचा या नावाशी काही हक्क-संबंध नाही. तीन, त्यानं ते वाईट हेतूनं घेतलंय. "तिन्ही पाहिजेत हां. दोन झाल्या नि एक राहिली की गेलं." मग त्यांनी रुपचंदनं छापून आणलेलं पान चष्म्याजवळ धरलं. "ही आई कुणाची?" रुपचंद म्हणाला, "असेल कुणाची तरी." इतक्या सहज म्हणाला की त्याचा त्यालाच धक्का बसला. चौपन्न वर्षांचं वय, नाव निघालं की लोक सचोटीचा माणूस म्हणतात, आणि खोटं असं जिभेवर तयार बसलेलं.

वकिलांना कळण्याचं कारणही नव्हतं. जळगावात भागाबाई नावाची बाई कुणाला ठाऊकच नव्हती. रुपचंदची आत्या म्हणजे बेबाअक्का, किंवा नुसतीच अक्का. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, भागाबाई, ते धुळ्याला, सासरी. माहेरी ते कुणी उच्चारत नाही, माहेरी पोरगी बेबाची बेबाच. जीवरामनानांनी, म्हणजे रुपचंदच्या वडिलांनी, पहिला पुडा बांधला तेव्हा नाव काय द्यायचं हा प्रश्न आला होता. हात अक्काचे, चव अक्काची, तेव्हा नाव तिचंच पाहिजे. पण घरच्या लेकीचं नाव बाजारात फिरवायचं म्हणजे काय! मग त्यांनी सासरचं नाव काढलं. ते असंही माळ्यावरच्या भांड्यासारखं पडून होतं. पुढे मार्काचा फॉर्म भरताना रकाना आला, हे नाव कुण्या हयात व्यक्तीचं आहे काय, असल्यास तिची संमती जोडा. संमती जोडायची तर पूर्ण नाव लिहायचं, पूर्ण नाव लिहायचं तर मधे नवऱ्याचं लिहायचं, आणि ते नाव या घरात कागदावर काय, ओठांवरही येत नव्हतं. नानांनी लिहून दिलं, नाव आमच्या मनचं आहे, अशी कोणी व्यक्ती नाही. त्या वेळी अक्का मागच्या अंगणात मिरच्या भाजत होती आणि ठसका सगळ्या घराला लागला होता. रुपचंद तेहेतीस वर्षांचा होता. त्यानंच तो फॉर्म टपालात टाकला होता.

"वाईट हेतू कसा दाखवायचा?" त्यानं विचारलं. वकील म्हणाले, "सगळ्यात सोपं ते. विकत मागायला जायचं. त्यानं किंमत सांगितली की झाला वाईट हेतू शाबीत. फक्त लेखी घ्या."

दुसऱ्या दिवशी तो धुळ्याच्या एस्.टी.त बसला. कारखान्याची गाडी होती, ड्रायव्हर होता, पण ड्रायव्हर म्हणजे आणखी दोन डोळे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. नव्वद किलोमीटर, फार तर अडीच तास. एवढ्याशा अंतराचं काय झालं होतं ते! बावन्न साली अक्का आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. आखाजीला सगळ्याच येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, आणि सासरचं माणूस घ्यायला आलं की रडत परत जातात. पोराला सासूनं ठेवून घेतलं होतं, म्हणजे सून वेळेवर परत येईल. पण घ्यायला कुणी आलं नाही. धुळ्याचे म्हणत, नेली तुम्ही, पोचवाही तुम्हीच. नाना म्हणत, न्यायला आल्याशिवाय लेक पाठवायला ती काय वाटेवर पडलीय? दोन्ही बाजू रीतीला धरून होत्या. अक्काला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती? न बोलावता सासरी गेलेली बाई उंबऱ्याबाहेर उभी राहते, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पाऊस गेला, हिवाळा गेला. त्या वर्षात तिनं हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून बिबड्या थापल्या, त्या नानांनी एका दुकानात ठेवून बघितल्या, आणि त्या चार दिवसांत संपल्या.

पुढच्या वर्षी ते आले. अक्काचे मोठे दीर झुलालआबा आणि त्यांच्या बोटाला धरून पाच वर्षांचं पोर. भर वैशाखातली दुपार. रुपचंद आठ वर्षांचा, ओट्यावर वाटीतला बिबड्यांचा घाटा खात बसला होता. ज्वारीचा तो गरम घाटा, तीळ नि लसूण घातलेला, वर तेलाची धार. थापायच्या आधी घरातल्या पोरांचा त्यावर हक्क असतो. नाना दारात उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत. "बेबा घर नही," ते म्हणाले, "पाचोराले लगीनले गयी शे." झुलालआबांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला, परत घातली, म्हणाले, "मंग सांगा तिले, आम्ही उन्हतात." आलो होतो, एवढाच निरोप. पोर वाटीकडे बघत होतं. रुपचंदनं वाटी पुढे केली. पोरानं दोन बोटांनी घास घेतला, खाल्ला, परत घेतला. वर धाब्यावर, घराच्या सपाट गच्चीवर, ओल्या धोतरावर अक्का बिबड्या थापत होती, तिच्या हाताचा पट् पट् आवाज खाली येत होता, आणि पोर तिच्याच हातचा घाटा खात होतं. ते गेल्यावर नानांनी रुपचंदचा कान धरला. "कोनले बोलशी ते याद ठेव." का केलं त्यांनी तसं? मानासाठी, की त्या दुकानदारानं आणखी दोन मण बिबड्या मागितल्या होत्या म्हणून? रुपचंदनं पुढे सेहेचाळीस वर्षं हा प्रश्न उलटासुलटा करून बघितला. कधी एक उत्तर खरं वाटे, कधी दुसरं. नाना मेले तेव्हा विचारायचं राहून गेलं, आणि खरं सांगायचं तर राहून गेलं याचं त्याला बरंच वाटलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीतून कारखाना झाला होता. धुळ्याला सहा महिन्यांत दुसरी बायको आली. अक्का दोन-तीन आखाज्यांना 'कोनी उन्हं व्हतं का रे' असं विचारायची, मग विचारेनाशी झाली.

धुळ्याच्या चार नंबरच्या गल्लीत तोतारामचा टायपिंगचा क्लास होता, पाटीवर आता 'व संगणक' असं वेगळ्या रंगात वाढवलेलं. आत बारा यंत्रांचा कडकडाट आणि कोपऱ्यात कापडानं झाकलेले दोन संगणक. तोताराम किडकिडीत, डोक्यावरचे केस गेलेला, पण डोळे तेच. त्यानं रुपचंदला बघितलं, विद्यार्थ्यांना सांगितलं, "दहा मिनिटं थांबवा रे," आणि एकदम शांत झालं. "जीवराममामांचा रुपचंद ना?" तो म्हणाला. "तुम्ही मला घाटा दिला होता." एवढं बोलून तो पाणी आणायला गेला. रुपचंदला वाटलं उठावं आणि निघून जावं. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

पाणी झालं, चहा झाला. तोताराम साधंच बोलत होता, पोरांना धडा सांगावा तसं. "आमच्या घरात तुमचा पुडा आणायला बंदी होती. मी दुकानात उभा राहून वाचायचो. वडील गेले, सावत्र आई गेली, मग आणायला लागलो. मी स्वतः यावं असं कितीदा वाटलं, पण काय म्हणून यायचं? एकदा घ्यायला आलो होतो, ती लग्नाला गेलेली. निरोप ठेवला होता. त्यावर बोलावणं आलं नाही. तिला यायचं नसेल असं धरून चाललो. मग हे इंटरनेट आलं. पुण्याच्या एका फर्मकडून क्लासचं नाव घेतलं, घेता घेता आईचं नाव टाकून बघितलं, तर मोकळं. सगळ्या जगात कुणी घेतलेलं नाही! मला फार वाईट वाटलं, भाऊ. म्हणून घेतलं. म्हटलं, तुमचं कधीतरी काम पडेल, तुम्ही याल."

"मी त्याच्यासाठीच आलोय," रुपचंद म्हणाला. "काय घेणार तुम्ही त्याचे? सांगा. लिहूनच द्या म्हणजे बरं." आणि लेखी हा शब्द टाळून तेच मागितल्याचं त्याला तिथल्या तिथं कळलं. तोतारामनं जवळच्या मशीनला कागद लावला, खाडखाड टाइप केलं, सही केली, तारीख घातली, घडी घालून दिला. रुपचंदनं तो तिथं उघडला नाही. बसस्टँडवर उघडला. 'माझ्या आईला आठ दिवस माझ्या घरी पाठवावे. भागाबाई हे नाव मी त्याच दिवशी तुमच्या कंपनीच्या नावे करून देईन. याव्यतिरिक्त कोणताही मोबदला नको.' शुद्धलेखनाची एक चूक नाही, समास सगळीकडे सारखा.

"मोबदला!" अभिमन वकील खुर्चीतच उडाले. "शब्द त्यानंच वापरलाय, भाऊ! 'याव्यतिरिक्त' म्हणजे हा एक मोबदला मागतोच आहे. ओलीस ठेवल्यासारखं नाव ठेवलंय आणि सुटकेची अट घालतोय. याहून वाईट हेतू काय असतो?" रुपचंद म्हणाला, "पण आई म्हणतोय तो." वकिलांनी कागद खाली ठेवला. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. जिनिव्हातल्या माणसाला तुमचं घर माहीत नाही. धुळ्याचा कोणी इसम एका बिबड्यांच्या कंपनीला म्हणतोय, माझी आई परत द्या. त्याला वाटेल, डोक्यानं सरकलाय. आणि अठ्ठ्याहत्तर साली तुमच्या वडिलांनी जे लिहून दिलंय त्याच्या उलट आज बोललात तर नुसतं हे नाव नाही, मार्कच हलेल. पुडा, मसाला, सगळं. साठ बायका कामाला आहेत ना तुमच्याकडे?" त्यांनी मजकूर पुढे केला. 'सदर नाव अर्जदाराच्या वडिलांनी स्वतः रचलेले असून त्या नावाची कोणतीही व्यक्ती अर्जदारास ज्ञात नाही. प्रतिवादीचा सदर नावाशी कोणताही संबंध नाही. वरील माहिती पूर्ण व खरी आहे.' खाली सहीची रेघ. उद्या दुपारी कुरिअर जाणार.

सही करायला त्याला काही हरकत नव्हती, हेच तर भयंकर होतं. पेन खिशात होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाहेर कशाला बोलायचं. एकदा खोटं वडिलांनी लिहिलं, त्याची नक्कल आपण करतोय, नकलेला कसलं पाप? असं सगळं त्याच्या मनात रांगेनं आलं आणि प्रत्येक गोष्ट पटत गेली. पण 'ज्ञात नाही' या शब्दांशी आला की परत पहिल्या ओळीवर जायचा. भागाबाई त्याला ज्ञात नव्हती? आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याचं न्हाणं-धुणं करणारी, दहावीला नापास झाला तेव्हा नानांच्या हातातली काठी धरणारी, ती कोण मग? "घरी वाचून आणतो," तो म्हणाला. वकील म्हणाले, "वाचायचं काय त्यात?" पण त्यांनी कागद दिले.

अक्का धाब्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तर वर्षांची, पाठ अजून ताठ. "काय रे, आज कारखानामा गया नही का?" तिनं वर न बघता विचारलं. त्याची बायको सुनंदाबाई खाली स्वयंपाकघरात होती, तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. तो अक्कासमोर मांडी घालून बसला आणि शेंगा सोलू लागला. सांगायचं असं ठरवून आला नव्हता. पण तिसऱ्या-चौथ्या शेंगेला तोंडातून निघूनच गेलं. "अक्का, तुले लेवाले उन्हतात. धुयाथीन. त्रेपन्न सालले. झुलालआबा नि तोताराम. नानानी सांगं, तू घर नही. तू आठेच व्हती, धाबावर."

अक्काचे हात थांबले नाहीत. दाणे ताटात पडत राहिले. रुपचंदला वाटलं की तिला ऐकूच गेलं नाही, आता परत सांगावं लागणार, आणि परत सांगणं आपल्याच्यानं व्हायचं नाही.

"तुन्हा बाप गया," ती म्हणाली. "त्याले आते काय इचारू?"

"मी लहान व्हतो, अक्का. आठ वरीसना."

"व्हता ना. आठ वरीसना व्हता, ते खरं." तिनं एक किडकी शेंग बाजूला टाकली. "पन मंग अठरानाबी व्हयना, अठ्ठावीसनाबी व्हयना. तुन्हं लगीन व्हयनं, पोरं व्हयनी. रोज मन्हा हातनं जेवना तू."

त्याला रडू आलं. लाज वाटली, पण आलं. तिनं त्याला उगी म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ठेवला नाही. मग तिला सगळं सांगावं लागलं. नाव, पडद्यावरचा फोटो, वकील, जिनिव्हा. जिनिव्हा तिनं सोडून दिलं. फोटोचं ऐकून मात्र विचारलं, "मांडीवर पोऱ्या शे ना त्या फोटोमा?" तो म्हणाला, शे. "त्यानी काय लिखेल शे? वाच." त्यानं तोतारामनं टाइप केलेला कागद खिशातून काढून वाचला. त्या सरकारी भाषेतल्या तीन ओळी, वाचायला कितीसा वेळ लागणार. वकिलांचे कागद दुसऱ्या खिशात होते. ते आता तिथंच राहणार, सही होणार नाही, हे त्याला कळून चुकलं. त्यात त्याचा मोठेपणा काही नव्हता. या बाईसमोर बसून 'ज्ञात नाही' म्हणण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती, इतकंच.

"सकाय गाडी काढतो," तो म्हणाला. "मी तुले पोचाडतो."

"तू येवू नको." अक्कानं ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "कोनी पोचाडं का मंग कोनी लेवाले येवानी वाट दखनी पडस. माले ते नको आते. यस्टीना टाइम तेवढा सांग." पदरातला कचरा तिनं झटकला आणि जिन्याकडे निघाली. दोन पायऱ्या उतरली, कठड्याला धरून थांबली, मागं न वळताच बोलली.

"आठच दिन लिखेल शेतस का त्यानी? नीट दख."

रुपचंदनं कागद परत उघडला. डोळे पुसले, परत बघितलं.

"आठच, अक्का."

ती तिथंच पायरीवर बसली.